पाणी पिकेपर्यंत

चार फुटी टाकी आली शनिवारी
कुर्ल्याहून, टेम्पोतून, दोन गोधड्यांत गुंडाळून.
चौथ्या मजल्यावर चढवताना
हमालांपेक्षा बाबाच जास्त ओरडत होते.
टीव्ही सरकला, शिलाई मशीन गॅलरीत गेलं,
आणि जुनी दीड फुटी टाकी फ्रिजशेजारी स्टुलावर,
लग्नघरात जागा न मिळालेल्या पाहुण्यासारखी.

तिच्यात पाच जण.
तीन टायगर बार्ब, दिसेल ती शेपटी कुरतडणारे.
एक सकर, बोटाएवढा आणलेला, आता वीतभर.
आणि काणा.
काणा गोल्डफिश आहे. म्हणजे होता कधी सोनेरी,
आता चहात बुडवलेल्या खारीच्या रंगाचा.
त्याचा डावा डोळा कुणी खाल्ला ते आम्हाला माहीत आहे,
घरात त्यावर कुणी बोलत नाही.

मुश्ताकभाईंनी दुकानातच सांगितलं होतं,
डिस्कस पाहिजे तर हे चालणार नाहीत, ताई.
डिस्कस म्हणजे नवाब, ह्यांच्या पंगतीला बसायचा नाही.
आणि मला डिस्कसच हवे होते.
आठ वर्षं हवे होते.
बशीएवढा, निळ्या रेघांचा मासा
जो काही करत नाही, नुसता असतो.
विक्रोळीच्या ह्या दोन खोल्यांत
मला एक तरी गोष्ट अशी हवी होती.

“पण आधी जुनेच टाका,” मुश्ताकभाई म्हणाले,
“पाणी पिकायला महिना लागतो.
नवं पाणी दिसतं स्वच्छ, असतं विषारी.
ह्यांना राहू द्या, खाऊ द्या, हगू द्या.
मेले नाहीत तर समजायचं, पिकलं.
मग देऊन टाका कुणाला. मीपण घेईन, विसाला एक.”

हे मी घरी सांगितलं, जसंच्या तसं.
बाबा फिल्टरच्या नळीला टेफलॉन गुंडाळत होते.
म्हणाले, “पवईला आम्ही पाणी सोडायचो,
पस्तिसाव्या मजल्यापर्यंत.
एकेक नळ उघडून बघायचा, एकेक फ्लश ओढायचा,
गळतंय कुठे ते भिंतीला कान लावून ऐकायचं.
तीन महिने झोपलो तिथं, मोठ्या बेडरूममध्ये, पुठ्ठ्यावर.
समोर तलाव.
मग राहणारे आले.”
एवढंच. आणि पुन्हा टेफलॉन.

रेवा म्हणाली, तलावातच सोडूया ना.
तिला सांगितलं, सकर तलावात गेला
की तलावातलं बाकीचं काही उरत नाही.
ती बराच वेळ सकरकडे बघत बसली, नव्या आदराने.

खाली डॉक्टर कोरगावकरांच्या वेटिंग रूममध्ये टाकी आहे,
झाकण उघडझाप करणारी प्लास्टिकची पेटी असलेली.
दात दुखत नसताना मी तिथं जाऊन बसले, पाऊण तास.
आधीचे आठ बार्ब, धष्टपुष्ट, भांडखोर.
आमचे तिघे खपून जातील.
पण त्यांच्यातल्या एंजलला एकही मिशी उरली नव्हती.
मी काण्याचा विषय काढलाच नाही.

तिघे गेले बुधवारी, फुगवलेल्या पिशवीत, रबर बँड लावून.
रेवाने जिन्यावर प्रत्येक पायरीला पिशवी
डोळ्यांसमोर धरून पाहिली.
मला वाईट वाटेल असं वाटलं होतं.
वाटलं नाही, ह्याचं थोडं वाटलं.

सकर आणि काणा मोठ्या टाकीत आहेत,
पाणी पिकवायला.
आज सातवा आठवडा.

मघाशी मुश्ताकभाईंचा फोन आला.
डिस्कसची पेटी उतरली आहे,
सहा नग, निळे, एक नंबर, बाजूला ठेवू का?
पाणी पिकलं ना, ताई?
माझ्या हातात तपासायची पट्टी होती.
तिचा रंग महिन्यापासून बरोबर येतोय.

काणा खिडकीकडे जातो
तेव्हा त्याची उजवी बाजू माझ्याकडे असते, मी त्याला दिसते.
परत येताना दिसत नाही.
तो वळेपर्यंत मी थांबले.
मग म्हटलं,
नाही हो. अजून नाही पिकलं.